तिपाईचा चौथा पाय आणि उलटा धरलेला स्टाफ: साइटवर थट्टा कोणती आणि सूचना कोणती?

प्रश्न: नवी दुर्बीण

सर्वेक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करून मी अलीकडेच एका मोजणी पथकात रुजू झालो आहे. यंत्रे हाताळताना फारशी अडचण येत नाही. अडचण येते ती ज्येष्ठ सहकाऱ्यांचे बोलणे समजून घेताना. आमच्या पथकात कामाची सूचना आणि नवख्याची फिरकी या दोन्ही गोष्टी एकाच सुरात आणि तितक्याच निर्विकार चेहऱ्याने सांगितल्या जातात. कोणत्या वाक्यावर धावायचे आणि कोणत्या वाक्यावर हसायचे, हे ऐकणाऱ्याने स्वतःच ठरवायचे असते.

"तिपाईचा चौथा पाय गाडीत राहिला आहे, तेवढा घेऊन ये," असे मला सांगण्यात आले तेव्हा ती थट्टा असल्याचे उघडच होते. परंतु नंतर एका पुलाखाली काम चालू असताना "स्टाफ उलटा धर, शून्य वर टेकव," असा आदेश आला. मी स्टाफ, म्हणजे उंची वाचायची आकड्यांची लांब पट्टी, उलटा करून पुलाच्या तळाला टेकवला आणि कोण हसते आहे ते पाहू लागलो. कोणीही हसले नाही; वाचन वहीत उतरवले गेले आणि काम पुढे सरकले.

तेव्हापासून मी अशी वाक्ये टिपून ठेवू लागलो आहे. "स्टाफला जरा डोलव." "वाचण्यापूर्वी लेव्हलला टिचकी मार." "यंत्राची दोन्ही तोंडे ऐकल्याशिवाय निकाल देऊ नकोस." "खुंटीला तीन साक्षीदार लागतात." "छत्री यंत्रावर धर, माझ्यावर नको." "चूक शून्य आली की घाबरायचे." "किल्ल्या खिशातून काढून लांब ठेव." "हवा उकळते आहे, आता थांबू या." यांपैकी कोणती वाक्ये गांभीर्याने घ्यावीत आणि का, हे अनुभवी मंडळींनी सांगितले तर उपकार होतील.

आणखी एक शंका आहे. यंत्र उभे केले की बघे जमतात आणि फोटो काढता आहात का, येथून रस्ता जाणार का, असे विचारतात. त्यांना नेमके काय उत्तर द्यावे?

उत्तर: ओळंबा

तुमच्या यादीतील जवळजवळ सर्व वाक्ये खऱ्या सूचना आहेत. फरक ओळखण्यासाठी मी एकच प्रश्न वापरतो: या कृतीने कोणती चूक टळते? सूचना खरी असेल तर तिच्यामागे नाव घेऊन सांगता येईल अशी एखादी चूक असतेच. चौथ्या पायाने कोणतीही चूक टळत नाही, उलट नवी निर्माण होते. कारण तीन टोके कितीही ओबडधोबड जमिनीवर एकाच वेळी टेकतात, चौथे टोक आले की कोणते तरी एक अधांतरी राहते आणि यंत्र डुगडुगते. जाता जाता हेही सांगून ठेवतो की उतारावर तिपाईचे दोन पाय खालच्या बाजूला आणि एक वरच्या बाजूला ठेवायचा असतो. हे तुम्हाला कोणी थट्टेच्या सुरात सांगितले तरी निमूटपणे ऐका, नाहीतर एखाद्या दिवशी यंत्र तुमच्याआधी घरी निघेल.

उलट्या स्टाफचे कारण साधे आहे. पुलाचा तळ किंवा छत दुर्बिणीच्या आडव्या दृष्टिरेषेच्या वर असते, त्यामुळे स्टाफचे शून्य तेथे टेकवून वाचन घ्यायचे आणि ते वहीत ऋण चिन्हाने लिहायचे. खरी गंमत या चिन्हातच आहे. वाचन २.३५० मीटर असेल आणि चिन्ह विसरले गेले, तर पुलाचा तळ प्रत्यक्षापेक्षा ४.७०० मीटर खाली येतो, म्हणजे बऱ्याचदा थेट पाण्यात. म्हणून वहीत "स्टाफ उलटा" असा शेरा शब्दांत लिहिण्याची पद्धत आहे. केवळ आडव्या रेघेवर विश्वास ठेवू नये.

स्टाफ डोलवण्याची सूचना तर मी प्रत्येक नवख्याला पहिल्याच दिवशी देतो. स्टाफ यंत्राच्या दिशेने आणि यंत्रापासून दूर असा हळूहळू झुकवत राहिले की दुर्बिणीतील आडवी तार आकड्यांवरून खालीवर सरकते, आणि त्यातले सर्वांत लहान वाचन घेतले जाते, कारण स्टाफ पूर्ण उभा असतानाच ते मिळते. ३ मीटरवर वाचन असताना स्टाफ त्या उंचीला १० सेंटीमीटर कलला असेल तर वाचन साधारण १.७ मिलिमीटरने वाढते. हे किरकोळ वाटेल. परंतु कल ३० सेंटीमीटर झाला की चूक तिप्पट न होता नऊपट होते आणि १५ मिलिमीटरवर जाते. मात्र स्टाफचा बूड सपाट आणि रुंद असेल आणि वाचन अगदी खालचे असेल, तर मागे झुकवताना स्टाफ कडेवर उचलला जातो आणि लहानात लहान वाचनच फसवे ठरते. तेथे डोलवणे सोडून स्टाफच्या गोल बुडबुड्याकडे लक्ष द्यावे.

टिचकीचे म्हणाल, तर तीही खरी. स्वयंचलित लेव्हलमध्ये, म्हणजे उंचीतील फरक मोजण्याच्या दुर्बिणीत, दृष्टिरेषा आडवी ठेवण्यासाठी आत टांगलेला एक भाग असतो. तो कधी धुळीने, कधी धक्क्याने अडकतो, आणि अडकलेला असतानाही बाहेरून सर्व काही ठीक दिसते. हलकी टिचकी मारल्यावर प्रतिमा थरथरून पुन्हा त्याच आकड्यावर आली तर तो भाग मोकळा आहे. प्रतिमा ढिम्म राहिली, किंवा हलून दुसऱ्याच आकड्यावर स्थिरावली, तर यंत्र पेटीत घालावे. "हलकी" हा शब्द महत्त्वाचा आहे. आमच्याकडे एक गृहस्थ अशा उत्साहाने टिचकी मारत की तिपाईच नव्याने समतल करावी लागे.

दोन्ही तोंडांची गोष्ट कोन मोजणारा थिओडोलाइट आणि कोनाबरोबर अंतरही मोजणारे टोटल स्टेशन यांची. एकदा दुर्बीण सरळ ठेवून आणि एकदा ती पालथी करून यंत्र अर्धे फिरवून तोच कोन मोजला, की दृष्टिरेषेतील आणि आडव्या अक्षातील दोष एकदा एका बाजूला आणि एकदा दुसऱ्या बाजूला झुकतात आणि सरासरीत निघून जातात. उभा अक्षच कललेला असेल तर मात्र दोन्ही तोंडे एकच खोटे सांगतात. त्यासाठी समतल करण्यालाच पर्याय नाही.

साक्षीदार म्हणजे आसपासच्या पक्क्या खुणा. एखाद्या भिंतीचा कोपरा, विहिरीचा कठडा, खडकावर कोरलेली फुली, अशा तीन ठिकाणांपासून खुंटीची अंतरे मोजून आकृतीसह लिहून ठेवायची. खुंटी नाहीशी होणारच आहे. कोणी सरपणाला नेईल, कोणी गाडी वळवताना तिच्यावर चाक घालील, आणि कोणी ती केवळ उपटता येते म्हणून उपटून पाहील. खरे तर दोन अंतरांनीही तिची जागा पुन्हा सापडते. तिसरे हवे ते पहिल्या दोघांपैकी कोणी खोटे बोलते आहे का, हे कळण्यासाठी.

आणि छत्री यंत्रावरच धरायची असते. एका बाजूने ऊन लागले की यंत्राचे आणि तिपाईचे भाग असमान तापतात आणि बुडबुडा सरकू लागतो. माणूस तापला तर तो निदान तक्रार करतो.

उत्तर: फील्डबुक

ओळंबा यांची कसोटी मला मान्य आहे, तरी तिच्यात एक तिसरा वर्ग जोडावा लागेल: ज्या सूचना एकेकाळी खऱ्या होत्या आणि आता केवळ सवयीने दिल्या जातात. किल्ल्या लांब ठेवण्याची सूचना त्यातलीच. चुंबकीय होकायंत्राने दिशा घेताना किल्ल्या, लोखंडी टेप, हातोडी, इतकेच काय पोलादी चौकटीचा चष्माही सुईला ओढतो, त्यामुळे तेथे ती सूचना अक्षरशः पाळावी. टोटल स्टेशनचा कोन काचेच्या वर्तुळावरून वाचला जातो. त्याला तुमच्या किल्ल्यांशी काही देणेघेणे नाही. तुमचे ज्येष्ठ होकायंत्रावर शिकलेले असतील, तर ते टोटल स्टेशनजवळही किल्ल्या काढायला लावतील. काढून ठेवाव्यात, वाद घालण्यापेक्षा त्याला कमी वेळ लागतो.

शून्य चुकीबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण यादीतील सर्वांत मोलाचे वाक्य तेच आहे. पाच कोनांची बंद आकृती मोजली तर आतील कोनांची बेरीज ५४० अंश यायला हवी, आणि प्रत्यक्ष मोजणीत ती कोनाच्या काही सेकंदांनी कमी किंवा जास्त येते. हा फरक मर्यादेत असेल तर तो वाटून दिला जातो. एखाद्या वेळी तो योगायोगाने शून्यही येतो. परंतु एखाद्या माणसाच्या वहीत तो वारंवार शून्य येऊ लागला, तर तो माणूस शेतात कमी आणि झाडाखाली जास्त बसतो, असे समजायला जागा असते. तलेक्षणातही, म्हणजे उंचीच्या मोजणीत, मागील जागांवरच्या वाचनांची बेरीज वजा पुढील जागांवरच्या वाचनांची बेरीज ही शेवटच्या आणि पहिल्या पातळीतील फरकाएवढी यावी लागते, आणि नवखे लोक हे जुळले की निश्चिंत होतात. या पडताळ्याने केवळ वहीतील बेरीज-वजाबाकी तपासली जाते. स्टाफवर १.४५ असताना १.५४ लिहिले असेल, तरी हा पडताळा आनंदाने जुळतो. म्हणून ज्ञात बेंचमार्कवर, म्हणजे आधीच उंची ठाऊक असलेल्या पक्क्या खुणेवर, जाऊन मोजणी बंद करणे किंवा सुरुवातीच्या ठिकाणी परत येणे, याला पर्याय नाही.

फार नेटका आकडा संशयास्पद वाटतो, याचे प्रसिद्ध उदाहरण एव्हरेस्टच्या उंचीचे आहे. १८५६ मध्ये ती २९,००२ फूट अशी जाहीर झाली. गणिताने उत्तर नेमके २९,००० आले होते आणि लोकांना तो ढोबळ अंदाज वाटू नये म्हणून वर दोन फूट चढवण्यात आले, अशी कथा सर्वेक्षकांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कथा खरी असो वा नसो, ती रंगवून सांगणारा प्रत्येक जण नंतर स्वतःच्या वहीतील सर्व नेटके आकडे पुन्हा तपासतो, हे मी पाहिले आहे.

याच कारणाने वहीत खोडरबर चालत नाही. चुकीच्या आकड्यावर एक रेघ ओढून तो वाचता येईल असा ठेवायचा आणि बरोबर आकडा वर लिहायचा. स्वच्छ वही कौतुकाची वाटते, पण तपासणाऱ्याला ती आवडत नाही.

थट्टेबद्दल माझे मत कदाचित कडक वाटेल. चौथा पाय, बुडबुड्यांची बाटली, क्षितिजाची सुटी दोरी, अशा फिरक्यांना माझा विरोध नाही; त्या नवख्याला पथकात सामावून घेण्याच्या रीती आहेत. तीन विषयांवर मात्र थट्टा करूही नये आणि सहनही करू नये. पहिला सूर्य: गाळणीशिवाय दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभर पाहिले तरी डोळा कायमचा जाऊ शकतो, त्यामुळे "बघ जरा, डाग दिसतात का" हा विनोद नाही. दुसरा विजेच्या तारा: ॲल्युमिनियमचा स्टाफ पूर्ण उघडून तारांखालून चालणे जिवावर बेतते. तिसरा रहदारी: रस्त्यावर स्टाफ धरणाऱ्याची पाठ बहुधा वाहनांकडे असते आणि त्याचे डोळे यंत्राकडे, म्हणून यंत्रावरच्या माणसाने केलेला खोटा हातवारा त्याला महागात पडू शकतो. या तिन्हींबाबत गंभीर चेहऱ्याने सांगितलेले प्रत्येक वाक्य गंभीरच असले पाहिजे, आणि तुमच्या पथकात तसे नसेल तर ते नवखे असूनही बोलून दाखवा.

उत्तर: उतारावरचा

"हवा उकळते आहे" हे वाक्य विश्रांतीची सबब म्हणूनही वापरले जाते, हे मान्य करतो. पण ते खरे असते तेव्हा ते दुर्बिणीत डोळा लावून लगेच पडताळता येते. तापलेल्या जमिनीलगतची हवा हलू लागली की लांबच्या स्टाफवरचे आकडे वाहत्या पाण्याच्या तळाशी ठेवल्यासारखे नाचतात आणि मिलिमीटर वाचणे अशक्य होते. अशा वेळी अंतरे कमी करावीत, दृष्टिरेषा जमिनीपासून निदान अर्धा मीटर वर राहील असे पाहावे, आणि तरीही आकडे स्थिर होत नसतील तर थांबावे. आकडे स्थिर असूनही ज्येष्ठ थांबत असतील, तर तो शुद्ध विनोद समजून त्याचा लाभ घ्यावा.

उन्हाचा मार पोलादी टेपलाही बसतो. २० अंश सेल्सियसला प्रमाणित केलेली ३० मीटरची टेप ४० अंशांना सुमारे ७ मिलिमीटरने लांबते. लांबलेली टेप जागा कमी मोजते, आणि जमीन कमी भरली की मालकाची नजर टेपकडे न जाता थेट सर्वेक्षकाकडे जाते. पूर्वीच्या साखळीचेही तेच होते. ६६ फुटांच्या साखळीत १०० कड्या आणि त्यांना जोडणारी वळी असत, ती वापराने झिजत आणि साखळी वर्षागणिक वाढत जाई. म्हणून ती वरचेवर प्रमाण लांबीशी ताडून पाहावी लागे.

आता बघ्यांविषयी. यंत्र हा कॅमेरा नव्हे हे समजावून सांगण्यात अनेकांनी आपले उमेदीचे दिवस घालवले आहेत. माझ्या मते एका वाक्यात "अंतर आणि उंची मोजतो आहोत" असे सांगावे आणि वाचन चालू नसेल तर खुशाल दुर्बिणीतून पाहू द्यावे. दूरच्या स्टाफवरचा सेंटीमीटर दिसला की माणसाचे निम्मे प्रश्न संपतात. जुन्या लेव्हलमध्ये प्रतिमा उलटी दिसत असे, म्हणून काही स्टाफवर आकडेच उलटे छापलेले असत. अशा दुर्बिणीत डोकावून स्वतःच्या शेजाऱ्याला डोक्यावर उभा पाहिलेला माणूस पुन्हा काही विचारायला थांबत नसे, असे जुने लोक सांगतात. पाहू देताना एकच काळजी घ्यावी: त्याने तिपाईला हात लावायचा नाही. लावलाच, तर कोन पुन्हा घ्यावा. "बहुतेक हलले नसेल" असे म्हणू नये.

"येथून रस्ता जाणार का?" या प्रश्नावर मात्र विनोद पूर्ण वर्ज्य समजा. तुम्ही थट्टेत "हो, तुमच्या अंगणातूनच" म्हणालात, तर ही बातमी तुम्ही यंत्र मांडण्याची पुढची जागा गाठण्यापूर्वी तेथे पोहोचलेली असते, आणि तेथे तुमचे स्वागत वेगळ्या प्रकारे होते. "मोजणे आमच्याकडे आहे, ठरवणे नाही, काम देणाऱ्या कार्यालयात विचारावे," एवढेच उत्तर द्यावे. हद्दीच्या मोजणीत तर दोन्ही शेजारी तुम्हाला आळीपाळीने बाजूला घेऊन इतिहास सांगतील. दोघांचेही ऐकावे, जुनी खूण कोठे होती असे ते म्हणतात ते लिहून घ्यावे, आणि मान डोलावणे टाळावे. मान डोलावली की तो निकाल समजला जातो.

प्रतिसाद: नवी दुर्बीण

सर्वांचे मनापासून आभार. कसोटी लावून पाहिली, आणि स्टाफ डोलवताना सर्वांत लहान आकडा खरोखरच मधोमध येतो हे यंत्रावरून स्वतः पाहिले. आता दोन नवी वाक्ये यादीत आली आहेत. पहिले: "यंत्राला आधी सावलीत बसू दे, त्याची तब्येत जुळू दे." दुसरे: "प्रिझम बदललास तर लगेच सांग, मोबाइल बदललास तर नाही सांगितलेस तरी चालेल." दुसरे खरे असावे असे वाटते. पहिल्या वाक्यात मात्र मला विश्रांतीचा वास येतो.

उत्तर: ओळंबा

दोन्ही खरी आहेत. प्रत्येक प्रिझमचा, म्हणजे यंत्राचा किरण परत पाठवणाऱ्या काठीवरच्या काचेचा, स्वतःचा स्थिरांक, म्हणजे अंतरात करायची ठरावीक दुरुस्ती, असतो. पुष्कळ प्रिझमचा उणे ३० मिलिमीटर असतो, काहींचा शून्य. यंत्रात एकाचा आकडा आणि काठीवर दुसरा प्रिझम असेल, तर प्रत्येक अंतर तेवढ्यानेच चुकते. सर्व अंतरे तेवढ्याच मिलिमीटरने चुकल्यामुळे नुसते आकडे पाहून काही वावगे दिसत नाही. हा दोष उघडकीला येतो तो ज्ञात अंतर मोजल्यावर. सकाळी काम सुरू करताना असे एक अंतर मोजून वहीच्या पहिल्या ओळीत लिहावे.

यंत्राच्या तब्येतीचेही तसेच. वातानुकूलित गाडीतून काढलेले यंत्र बाहेरच्या तापमानाला आले नसेल तर समतलन सरकत राहते, आणि दमट हवेत भिंगावर बाष्पही धरते. तापमानात जितक्या अंशांचा फरक असेल त्याच्या दुप्पट मिनिटे थांबावे, असा ढोबळ हिशेब पुष्कळ जण पाळतात. १० अंशांना २० मिनिटे. तुम्हाला आलेला विश्रांतीचा वास मात्र खोटा आहे. त्या वेळात सरकत्या स्टाफचे सर्व भाग ओढून खटके बसले आहेत का ते पाहायचे असते, कारण अर्धवट बसलेल्या खटक्यामुळे सांध्याच्या वरचे प्रत्येक वाचन चुकते. शिवाय बॅटऱ्या तपासायच्या, खुंट्या मोजून घ्यायच्या आणि काल ज्या बेंचमार्कवर काम थांबवले तो आजही जागेवर आहे का, हे चालत जाऊन पाहून यायचे असते. तुमचे ज्येष्ठ त्या वेळात झाडाखाली बसले असतील, तर ही सर्व कामे तुम्ही करावीत असे त्यांना सुचवायचे आहे.